करंगळीला विचारा

३ फेब्रुवारी, सोमवार

सूनबाईने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाली, "आई, बोला."

काय बोलू?

"काहीही. एरवी तोंडाला कुलूप नसतं तुमच्या, आजच काय झालं?"

बघा, हेही लिहिलं तिने. मी बोलेन ते टिपायचं आणि ती बोलेल तेही टिपायचं, असं ठरलंय. मला अक्षर येत नाही. मधेच ही पदरचं काही घालते का, ते मला कळायचं नाही. म्हणून रोज शेवटी सगळं वाचून दाखवायचं, ही माझी अट.

प्रकरण असं आहे. आमचं इस्त्रीचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. घरात मी, सून आणि नात. मुलगा ट्रकवर, तो घरी येतो तेव्हा आम्ही त्याला पाहुण्यासारखं पाणी विचारतो. दुकान पूर्वीसारखं चालत नाही. लोक चुरगळलेले कपडे घालून हिंडतात आणि त्याला फॅशन म्हणतात. तर सूनबाईने मोठ्या सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्ड खोलीतली नोकरी मनावर घेतलीय. तिथे डॉक्टर पेशंटला तपासून यंत्रात बोलून ठेवतात आणि कुणीतरी ते ऐकून टाइप करायचं. जागा एक. परीक्षेला दोनदाच बसता येतं. पहिल्या वेळी ही बाई हृदयातून, पोटातून, हाडांतून सुखरूप बाहेर आली आणि नसा आणि कातडी या दोन धड्यांत आपटली. आता ही शेवटची खेप. हे झालं तर झालं, नाहीतर मग माझ्यासारखं जन्मभर दुसऱ्यांच्या सुरकुत्या काढत बसायचं.

हात बसायला न थांबता बोलणारं माणूस लागतं. ते घरात आयतं आहे, हे तिला लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर उमगलं.

"आई, जरा हळू."

डॉक्टर तुझ्यासाठी हळू बोलणार आहेत का? लिही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी फार खुशीत आहे. डॉक्टरांची भाषा मला फुटली!

झालं काय, सकाळी मी शर्टांच्या कॉलरी दाबत होते आणि ही कोपऱ्यात बसून घोकत होती. तेच तेच शब्द, घोक घोक घोकायची आणि पुन्हा विसरायची. मी म्हटलं, अगं, हे शब्द सुटे नाहीत, या लग्न होऊन गेलेल्या पोरी आहेत. कान देऊन ऐक. प्रत्येकीचं एक माहेर आणि एक सासर. न्यूरो म्हणजे नसांकडची. डर्मा म्हणजे कातडीकडची. दिली कुठे, ते शेवटावरून ओळखायचं. आल्जियांकडे दिली की दुखणं आलंच. आयटिसांकडे दिली की सूज, लाली, आग, तापट घर. पॅथींकडे दिली की बिघाड. मग न्यूरो आल्जियांकडे गेली, न्यूराल्जिया, नस दुखते. न्यूरो आयटिसांकडे गेली, न्यूरायटिस, नस सुजली. डर्मा त्याच घरात धाकटी जाऊ म्हणून गेली, डर्मटायटिस.

सून माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आई, क्लासच्या मास्तरीणबाईंनी हेच सांगितलं होतं, पण असं नव्हतं सांगितलं."

कसं सांगणार? त्यांना सासू नसेल.

दारात कधीकधी एक जण आधीच येऊन उभा असतो, तोही बघायचा. हायपर उभा असला की सगळं जास्त. हायपो असला की कमी. आणि 'अ‍ॅन' उभा असला की आत काही नाहीच. एस्थेशिया म्हणजे अंगाला जाणवणं. तर हायपरएस्थेशिया म्हणजे माझी नणंद. तिला वारा लागला तरी कुणीतरी ढकललं म्हणते. आणि अ‍ॅनेस्थेशिया म्हणजे माझा मुलगा. भाजीत मीठ नसलं तरी दोनदा वाढून घेतो.

"नवरा आहे तो माझा."

मुलगा आधी माझा. तुला वापरलेला मिळाला.

ही हसून हसून आडवी झाली. हसताना लिहिलंय, चुका असतील, माझ्या नावावर नकोत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कातडीचा धडा मला सोपा गेला. कातडी म्हणजे शेवटी कापडच. मॅक्युल म्हणजे डाग, दिसतो पण हात फिरवला तर लागत नाही. पॅप्युल म्हणजे विणताना राहिलेली गाठ, बोटाला लागते. व्हेसिकल म्हणजे पाणी धरलेला फोड. अल्सर म्हणजे भोक. सगळं मी कपड्यावर दाखवलं. डागाला गिऱ्हाइकाचा शर्ट घेतला, भोकाला मुलाचा बनियन. त्या बनियनमध्ये भोकं जास्त आणि बनियन कमी.

नसा कठीण. पण त्याही मी धरल्या. मेंदू म्हणजे भिंतीवरचा बोर्ड, पाठीतून मोठी केबल खाली येते आणि तिच्यातून वायरी हातापायांना जातात. इस्त्री थंड पडली तर शहाणा माणूस आधी वायर तपासतो. अडाणी माणूस इस्त्रीला शिव्या देतो.

नात म्हणाली, "आजी, मग तू काल इस्त्रीला शिव्या का देत होतीस?"

या पोरीला खाऊ देणं बंद करा.

शिव्या द्यायचं कारण, नवी इस्त्री खोटी आहे. आमच्या धंद्यात इस्त्रीला करंगळीने विचारतात. डाव्या हाताची करंगळी जिभेला लावायची, तळाला चाटून जाईल इतकीच टेकवायची, आणि विचारायचं, तापलीस का? करंगळी सांगते. रेशमाला एवढं पुरे, सुतीला आणखी थांब, खादीला जाऊ दे जोरात. माझ्या सासूने मला हे शिकवलं, काटा नाही, दिवा नाही, करंगळी. पण ही नवी इस्त्री माझ्या करंगळीला 'गार आहे' सांगते आणि कापडाला लावली की वास सुटतो. या आठवड्यात घरच्या उशीचा एक अभ्रा गेला. वर सून म्हणते, इस्त्री बदलून आणलीय ना मागच्याच महिन्यात. बदललेलीही खोटी. हल्लीच्या वस्तूंना लाज नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज गिऱ्हाइकांवर मी माझी विद्या चालवली. निवृत्त हेडमास्तर धोतरं घ्यायला आले, डोकं धरून. मी म्हटलं, "सेफलाल्जिया का?" ते इतके दचकले की धोतरं विसरून गेले. दूधवालीच्या कोपराला खाज, तिला म्हटलं, "बाई, डर्मा आयटिसांकडे गेलीय तुझी." ती म्हणाली, माझी कुठलीच मुलगी त्या आडनावात दिलेली नाही. सुनेने बाहेर येऊन माझं तोंड बंद केलं. मत्सर, दुसरं काय!

दुपारी सुनेला एक नामी गोष्ट सुचली. कातडीचे पट्टे असतात म्हणे, एकेका नसेकडे एकेक पट्टा वाटून दिलेला, भावाभावांत जमीन वाटतात तसा. त्यांची नावं पाठ होईनात. तर तिने शिंप्याचा खडू आणला आणि माझ्या हातावर पट्टे आखायला घेतले. अंगठ्याकडचा एक, मधला एक, करंगळीकडचा एक. नात हसत होती. मी राणीसारखी बसले होते, हात पुढे करून. खडूने गुदगुल्या होतात म्हणून अंगठ्याकडे मी चार वेळा हात मागे घेतला. करंगळीकडे मात्र शहाण्यासारखी बसले. सुनेने खडू थांबवला.

"आई, हा डाग कसला?"

कोपराखाली, करंगळीच्या बाजूला, तळहाताएवढा फिकट डाग आहे. मी म्हटलं, सोड्याचं पाणी उडालं असेल. धुण्यावाल्यांच्या हातावर डाग नाहीत तर कुणाच्या? उलट बरा आहे. एवढ्या उकाड्यात तिथे घाम येत नाही, आणि दुकानात माशा एवढ्या, पण तिथे म्हणून माशी बसत नाही. तिलाही कळतं म्हातारीच्या वाटेला जाऊ नये.

"कधीपासून आहे?"

मी काय त्याचा वाढदिवस करते का? पुढचा पट्टा आख.

तिने आखला. पण नंतर वाचताना दोनदा अडखळली. अभ्यास जास्त झालाय, हायपर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मूड नाही. हेडमास्तरांचा पांढरा सदरा जाळला मी. पाठीवर इस्त्रीचं तोंड उमटलंय, नाक-डोळ्यांसकट. करंगळीला तीनदा विचारलं होतं. तीनदा म्हणाली, गार.

हेडमास्तर भले माणूस. म्हणाले, "राहू द्या, वरून कोट घालेन." मला ते जास्त लागलं. रागावले असते तर बरं होतं. इतक्या वर्षांत माझ्या हातून गिऱ्हाइकाचं कापड जळलं नाही, आणि आता मी काय लोकांना कोट घालायला लावू?

वर कपबशी सुटली हातातून. सून म्हणाली, "हल्ली तुमच्या हातून फार सुटतं." मी म्हटलं, म्हातारपण आहे, त्याचं डॉक्टरी नाव शोध.

करंगळीला फोड आलाय. व्हेसिकल. दुखत मात्र नाही अजिबात, त्यामुळे कधी भाजलं तेच आठवत नाही. कारागिराचा हात असाच असतो. माझी सासू तव्यावरचं बोटांनी उलटायची. हात मेला की कारागीर जन्मतो, असं म्हणायची.

लॅपटॉपची टकटक थांबली. काय गं?

"काही नाही."

मग लिही. काही नाही, हे पण लिही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज खेळ खेळलो. नात शाळेत होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सून म्हणाली, नसांच्या धड्यात तपासणी कशी करतात ते लिहायचं असतं, तर एकदा करून बघूया. कापसाची बारीक वात केली. मी डोळे मिटायचे. कापूस लागला की त्या जागी बोट ठेवायचं. मला खेळ म्हटल्यावर हरायला आवडत नाही, म्हणून मी नीट पदर खोचून बसले.

कपाळ. बोट ठेवलं. गाल. ठेवलं. उजवा हात, वर, खाली, सगळं बरोबर. एकदा तिने कानाच्या मागे लावला, तेही पकडलं. मी म्हटलं, मला बक्षीस काय?

मग डावा हात. अंगठा. बरोबर. तळवा. बरोबर. मग ही थांबली. मी वाट बघतेय. घड्याळ टिकटिक करतंय. बाहेर भंगारवाला ओरडून गेला. मी म्हटलं, "लाव की आता! का मला झोप यायची वाट बघतेस?"

ती म्हणाली, "लावला होता, आई."

खोटारडी! मी म्हटलं, पुन्हा लाव. पुन्हा तेच. मी म्हटलं, लाव गं. ती म्हणाली, लावला. डोळे उघडले तर कापूस माझ्या डागावर टेकलेला आणि हिचा चेहरा चुन्यासारखा. मी हरले म्हणून एवढं वाईट वाटून घेतात का कुणी? मग तिने माझ्या कोपराच्या आत हात घातला, जिथे आपटलं की झिणझिण्या येतात तिथे, आणि काहीतरी चाचपलं. मग उजव्या कोपरात चाचपलं. मग पुन्हा डाव्या.

मी विचारलं, काय हरवलंय?

म्हणाली, "आई, उद्या तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यात याल? क्लासला एक माणूस लागतं. उदाहरणाला."

उदाहरणाला! मी! अगं, हे आधी नाही का सांगायचं? नसांचं आणि कातडीचं दोन्हीचं उदाहरण एका माणसात मिळालं तर मास्तरीणबाई खूश होणार. मी लगेच हो म्हटलं. माझी जांभळी साडी काढली, स्वतः इस्त्री केली. इस्त्री सुनेने तापवून दिली, म्हणाली, मीच बघते. आज फार लाडात आहे.

आज वाचून दाखवलं नाहीस तरी चालेल, उद्या लवकर निघायचंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

क्लास नव्हता.

मास्तरीणबाई नव्हत्या, पोरीबाळी नव्हत्या. एक लांब बाक, त्यावर लोक, आणि आत कातडीच्या डॉक्टरीणबाई. तरुण आहेत, केस आखूड. मला वाटलं, हीच परीक्षा घेणारी, म्हणून मी आत शिरल्या शिरल्या सुरुवात केली. म्हटलं, "डॉक्टरीणबाई, माझ्या करंगळीला हायपरएस्थेशिया झालाय."

त्या हसल्या. "आजी, तो शब्द उलटा झाला. हायपर म्हणजे जास्त कळणं. तुम्हाला तर कमी कळतंय, काही ठिकाणी कळतच नाही."

मी म्हटलं, "असं होय! म्हणजे नणंद नाही, मुलगा."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. सून मात्र हसली, आणि हसता हसता तिचं भलतंच झालं, पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. तेव्हा मला कळलं की मी कुणाचंही उदाहरण नाही.

मग बाईंनी सगळं पुन्हा केलं. कापूस, पेनचं टोक, गरम पाण्याची बाटली आणि गार पाण्याची. दोन्ही बाटल्या माझ्या डागाला सारख्याच. मुठी आवळायला लावल्या, बोटं फाकवायला लावली, त्यांत कागद धरायला लावला. उजवीकडे कागद सुटेना. डावीकडे करंगळीने तो असा सोडला, जणू तिचा आणि त्याचा काही संबंधच नाही. कोपरातली नस त्यांनी माझंच बोट धरून मला दाखवली. दोरीसारखी जाड झालीय. वायर.

मी विचारलं, नाव काय याचं? मला नावं येतात. सून बोलली, एक इंग्रजी नाव. मी ते उलटसुलट करून पाहिलं. ना न्यूरो, ना डर्मा, ना आयटिस. हे तर कुणाचं आडनाव वाटतंय.

"आडनावच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ज्यांनी त्याचा जंतू शोधला त्यांचं."

मग आपल्या भाषेत सांगा.

त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून खाली बघत होती. मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघून सांगितलं. कुष्ठरोग.

आता हिची बोटं थांबलीत. थांबू दे. मलाही दम खायचाय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काल राहिलं ते आज.

त्या शब्दाला मी लहानपणापासून ओळखते. तेव्हा त्याला आणखी वाईट नाव होतं, आणि ते घेतलं की आई माझ्या तोंडावर मारायची. गावाबाहेर बसवलेली माणसं मी पाहिलीत. खुर्चीवर बसल्या बसल्या मला वाटलं, झालं, आता मला दुकानाबाहेर, दाराबाहेर, सगळ्यांच्या बाहेर.

डॉक्टरीणबाई बोलत होत्या. गोळ्या आहेत. सहा महिने. बरा होतो, पूर्ण. नसेची सूज उतरवायला वेगळी गोळी. पहिली मात्रा आत्ता, माझ्यासमोर घ्या, आणि गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला होत नाही. घरच्यांना एकदा तपासू. कपड्यांतून होत नाही.

हे मी दोनदा विचारलं. लोकांचे कपडे माझ्या हाताखालून जातात हो! त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायला लाज वाटली, म्हणून सुनेला विचारायला लावलं.

"वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "नस आत्ता आत्ता बिघडलीय. अशी वाचते पुष्कळदा. वर्षभराने आला असतात तर बोटं वाकली असती. कुणी पाठवलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "माझ्या सुनेने. ती नसा आणि कातडीत नापास झालेली आहे."

मग एक शेवटची गोष्ट सांगितली, गोळीने लघवी लाल होईल, घाबरू नका. मी म्हटलं, बाई, आधी तो शब्द सांगितलात आणि मग लघवीला घाबरू नका म्हणता!

सगळ्यांदेखत गोळ्या गिळल्या. पाणी सुनेने धरलं. घरी निघालो. कोपऱ्यावर आल्यावर तिने माझा हात धरला. डावा. डागावरच. मला कळलं नाही, खाली पाहिलं तेव्हा दिसलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज घरात भांडण झालं, आणि मी ते मुद्दाम लिहून ठेवते.

शनिवारी परीक्षा. आणि ही बाई म्हणते, मी बसत नाही. तुमच्या गोळ्या, तुमचा हात, दुकान मीच बघायला हवं, तुम्हाला इस्त्री धरू द्यायची नाही. परीक्षा काय...

मी म्हटलं, परीक्षा काय? ही तुझी शेवटची आहे.

"असू दे."

असू दे म्हणजे? मग मी काय फुकट आल्जियांच्या घरी पोरी दिल्या?

"आई, मला पुस्तक उघडलं की तुमचा हातच दिसतो."

मग तोच बघून वाच! मी हात पसरला तिच्यापुढे, पुस्तकावर. म्हटलं, हे घे. हे उदाहरण. हायपोपिगमेंटेड मॅक्युल, बरोबर? फिकट डाग. अ‍ॅनेस्थेशिया, बरोबर? माझा मुलगा. ही वायर सुजली, न्यूरायटिस. आता मला हा धडा पाठ आहे, कारण तो माझ्या अंगावर लिहिलाय. तुला नसला तर तू माझी सून नाहीस. आणि ऐक. तू शनिवारी गेली नाहीस तर मी रविवारपासून गोळी घेणार नाही.

"घ्याल तुम्ही."

बघ मग.

ती माझ्याकडे बघत होती. मी नजर हटवली नाही. गोळी न घ्यायची माझी काय छाती होती! पण सुनेला हे सांगायचं नाही.

हे तिनेच टाइप केलं, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

"आलं ना? चला, हायपर म्हणजे?"

जास्त.

"हायपो?"

कमी. अगं, मला काय विचारतेस, तू बस परीक्षेला!

१ मार्च, शनिवार

गेली होती. आली. दारातून मी विचारलं, काय काय विचारलं?

म्हणाली, "हृदय. सगळं हृदय. एक डॉक्टर तोंडात गरम घास धरल्यासारखा बोलत होता, पाऊण तास हृदयाच्या झडपा."

आणि नसा?

"नाही."

कातडी?

"एक डर्मटायटिस होता. शेवटी. दुसऱ्याच कुणाचा."

मला असा संताप आला! एवढा हात पसरला मी पुस्तकावर आणि त्यांना झडपा सुचतात! सून मात्र जमिनीवर बसून हसायला लागली. नात हसायला लागली. मग मीही. हेडमास्तर कपडे घ्यायला आले तेव्हा आम्ही तिघी जमिनीवर. ते न घेताच परत गेले.

त्यांना मी खरं सांगायचं ठरवलंय. सदऱ्याचं कारण, आजाराच्या नावासकट. उद्या धीर होतो का बघू.

३ मार्च, सोमवार

धीर आज झाला. हेडमास्तर ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "गोळ्या चालू आहेत ना?" मी हो म्हटलं. त्यांनी पिशवीतून दोन धोतरं काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कडक करा. मागच्या वेळी जरा मऊ राहिली होती."

मी खोटं कशाला बोलू? ते गेल्यावर मी धोतरात तोंड खुपसलं. पुन्हा धुवावं लागलं.

दूधवालीला मात्र दवाखान्याच्या बाकावरच्या कुणीतरी सांगितलं असणार, ती आठवडाभर दूध उंबऱ्याबाहेर ठेवून जाते. ठेवू दे. तिची डर्मा अजून आयटिसांकडेच आहे.

२९ मार्च, शनिवार

पास!!

दोन उद्गारचिन्हं घाल, मी म्हटलं. ती म्हणाली, एक पुरे. मी म्हटलं, माझी डायरी आहे. घाल.

जागाही हिलाच मिळाली. एक तारखेपासून रेकॉर्ड खोली. कानाला यंत्र लावून बसणार, डॉक्टर बोलतील ते लिहिणार. मी तिला म्हटलं, तिथे डॉक्टरांनी काय टोमणे मारले तेही लिहून ठेव, इथे सवय झालीय तुला.

माझी लघवी अजून लाल. बाकी तब्येत उत्तम.

१४ मे, बुधवार

सूनबाई संध्याकाळी दमून येते, डोळे लाल. म्हटलं, आता तुझी प्रॅक्टिस झाली, ही डायरी बंद करूया. तिने चहा घेतला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाली, "बोला."

मी आता इस्त्रीला पाण्याने विचारते. बोटं बुडवून थेंब झटकायचे. थेंब नाचत पळाला तर सुतीला, बसून आटला तर रेशमाला. पाणी खोटं बोलत नाही, पण त्याच्याशी गप्पाही होत नाहीत. करंगळीची सवय जन्माची. रोज एकदा तरी ती जिभेकडे निघते आणि मी तिला उजव्या हाताने धरून खाली आणते, शेंबड्या पोराला आणावं तसं. हातमोजा घालते. रोज सकाळी दोन्ही हात उजेडात धरून बघते, कुठे भाजलं, कुठे चिरलं. हाताला कळत नाही ते डोळ्यांना विचारायचं, असं डॉक्टरीणबाईंनी शिकवलंय. घरच्या सगळ्यांना तपासलं, कुणाला काही नाही. मुलगाही येऊन गेला. त्याच्या पायाला कापूस लावला तर त्याने लाथ मारली. म्हणजे जाणीव आहे, बोलत नाही इतकंच.

२३ ऑगस्ट, शनिवार

गोळ्यांची शेवटची पट्टी काल संपली. आज डॉक्टरीणबाईंनी डाग पाहिला, नस चाचपली, म्हणाल्या, औषध संपलं, आजी. आजार गेला. नस किती परत येते ते हळूहळू कळेल, घाई करू नका.

घाई कुणाला आहे? सुनेला. घरी आल्या आल्या हिने कापूस काढला. नातही येऊन बसली. मी म्हटलं, आधी दुकान उघडू दे. ती म्हणाली, डोळे मिटा.

मिटले. करंगळी. मी वाट पाहिली. ती काही बोलली नाही, त्यावरून समजले की लावून झालाय. करंगळी अजून गप्प आहे. असो. जन्मभर बोलली, थोडी गप्प बसू दे.

मग मनगट. मग काहीच नाही, काहीच नाही. मी मनात हेडमास्तरांच्या धोतरांचा विचार करत होते. मग कोपराखाली काहीतरी हललं. मी दुसरा हात झटकला आणि म्हटलं, "माशी बसली गं, हाकल तिला."

कुणी हाकलेना.

"सूनबाई, माशी!"

"माशी नाहीये, आई."

डोळे उघडले. डागाच्या कडेला कापूस होता, आणि सून तो हलकेच फिरवत होती.

नातीने उडी मारून तीन भांडी पाडली. मी म्हटलं, पुन्हा लाव. लावला. माशी. पुन्हा. माशी. मी दहा वेळा लावायला लावला, डोळे उघडे ठेवून, मिटून, तोंड फिरवून. म्हटलं, आता कळलं ना, तिथे माशी का बसत नव्हती? बसत होती सटवी, रोज बसत होती, मलाच पत्ता नव्हता.

आता लिहायला बसलोय आणि टकटक पुन्हा थांबलीय. अगं, सरकारी नोकरदार बाई तू, असं थांबून कसं चालेल? लिही. माशी. माशीतला मा कसला, शी कसली, ते तुझं तू बघ. पण लिही, माशी बसली.